हेड गॅस्केट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी हीट मारते, कूलंट सारखं कमी होतं, आणि मेकॅनिक सांगतो, "हेड उतरवावं लागेल." अशा वेळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात ते इथे साध्यापासून किचकटापर्यंत अशा क्रमाने घेतले आहेत. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्यात पुन्हा दिलेली नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वाचताना एवढं लक्षात ठेवा की गॅस्केट सहसा आपणहून जात नाही. दुसरं काहीतरी आधी बिघडलेलं असतं, आणि ते शोधल्याशिवाय केलेली दुरुस्ती टिकत नाही.

१. हेड गॅस्केट म्हणजे नेमकं काय? ते कुठे असतं?

इंजिनचा खालचा मोठा भाग म्हणजे ब्लॉक. त्यात पिस्टन वरखाली होतात. त्यावर सिलिंडर हेड बसतं, ज्यात व्हॉल्व आणि स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर असतात. या दोघांच्या मधे, बोल्टांच्या ताकदीने दाबून धरलेला, मिलिमीटरभर जाडीचा जो पत्रा असतो तो हेड गॅस्केट. सिलिंडरमधला जळता वायू, कूलंट आणि ऑइल हे तिन्ही त्या सांध्यातून जातात आणि एकमेकांत मिसळता कामा नयेत.

हे काम किती अवघड आहे ते आकड्यांवरून कळेल. जळण्याच्या क्षणी पेट्रोल इंजिनात दाब ५० बारच्या (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेइतका दाब) वर जातो, आधुनिक डिझेलमध्ये १५० बारच्याही वर. वायूचं तापमान २००० अंश सेल्सिअसच्या पुढे असतं. तिथून काही मिलिमीटरवरच साधारण ९० अंशांचं कूलंट वाहत असतं, तेही जेमतेम एक-दीड बार दाबाने.

२. ते कशाचं बनलेलं असतं? सगळी गॅस्केट सारखीच असतात का?

पूर्वी त्यात ॲस्बेस्टॉस असायचं. त्यानंतर पोलादी गाभ्याला दोन्ही बाजूंनी ग्राफाइट किंवा तंतुमय थर लावलेली संमिश्र गॅस्केट आली. आजच्या बहुतेक गाड्यांत पोलादी पत्र्यांचे तीन ते पाच थर एकावर एक ठेवलेलं गॅस्केट असतं. मेकॅनिक त्याला एमएलएस म्हणतात. सिलिंडरभोवती या पत्र्यांना उठाव दिलेला असतो आणि तो स्प्रिंगसारखा दाब धरून ठेवतो. वरून रबराचा अगदी पातळ लेप असतो. ही गॅस्केट जास्त टिकाऊ आहेत, पण त्यांना पृष्ठभाग अतिशय गुळगुळीत लागतो (प्रश्न १३).

३. गॅस्केट जातं कशामुळे?

बहुतेक वेळा इंजिन अति तापल्यामुळे. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि बऱ्याच इंजिनांत ब्लॉक बिडाचा असतो. तेवढ्याच उष्णतेला ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. त्यामुळे इंजिन गरम-थंड होताना हेड गॅस्केटवर किंचित पुढेमागे सरकत राहतं. नेहमीच्या तापमानाला हे गृहीत धरलेलं असतं. तापमान हद्दीबाहेर गेलं की हेड बोल्टांमधे अडकून पडतं, वाकतं, आणि थंड झाल्यावर पूर्ववत होत नाही. मग कुठेतरी दाब कमी पडतो आणि वायूला वाट मिळते.

म्हणजे खरा गुन्हेगार बहुधा दुसराच असतो: गळका होज, बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट, पाती झिजलेला वॉटर पंप, न फिरणारा फॅन, आतून चोंदलेला रेडिएटर. रेडिएटरचं झाकण तर कुणी तपासतच नाही. ते सुमारे एक बार दाब धरतं. त्या दाबामुळे कूलंट म्हणून भरलेलं पाणी आणि ग्लायकॉलचं निम्मं-निम्मं मिश्रण सव्वाशे अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर कमजोर झालं की तेच मिश्रण १०७ अंशांच्या आसपास उकळायला लागतं.

बाकीची कारणं कमी आढळतात, पण आहेत. सतत नॉकिंग (इंधन अवेळी धक्क्याने पेटून येणारी खटखट) होत असेल तर प्रत्येक स्फोटाचा धक्का गॅस्केटच्या कडेवर बसतो. टर्बोचा दाब वाढवून घेतला असेल तर बोल्टांची पकड अपुरी पडते. कूलंट वर्षानुवर्षं बदललं नसेल तर त्यातली गंजरोधक द्रव्यं संपतात आणि ॲल्युमिनियम पाण्याच्या भोकांभोवती खात जातं.

४. कोणत्या लक्षणांवरून शंका घ्यावी?

गॅस्केट कुठे फुटलं आहे त्यावर लक्षण ठरतं, म्हणून दोन गाड्यांची लक्षणं सारखी नसतात. "ऑइल स्वच्छ आहे, म्हणजे गॅस्केट ठीक" हा निष्कर्ष त्यामुळेच चुकतो.

वायू कूलंटच्या मार्गात शिरत असेल तर कूलंटच्या टाकीत बुडबुडे येतात आणि कूलंट बाहेर फेकलं जातं. सुरू केल्यावर मिनिटाभरातच, इंजिन अजून थंड असताना, वरचा होज दगडासारखा कडक होतो. आत हवा साठल्याने केबिनचा हीटर मधेच थंड वारा द्यायला लागतो. उलट कूलंट सिलिंडरमध्ये झिरपत असेल तर गाडी पाणी खाते. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी काही सेकंद मिसिंग करते आणि पांढरा धूर देते (प्रश्न ६). दोन शेजारच्या सिलिंडरांमधली भिंत गेली तर कूलंट आणि ऑइल दोन्ही जागच्या जागी राहतात. फक्त पिकअप जातो आणि इंजिन लंगडं चालतं. बाहेरच्या बाजूने गेलं असेल तर हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर ऑइलचा ओघळ किंवा कूलंटचा वाळलेला डाग दिसतो.

५. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय जमली आहे. गॅस्केट गेलं का?

बहुधा नाही. गाडी रोज दोन-चार किलोमीटरच चालत असेल, हवा थंड किंवा दमट असेल, तर इंजिन पूर्ण तापत नाही. आत जमलेली वाफ झाकणासारख्या थंड जागी ऑइलमध्ये मिसळून अशी साय होते. झाकण पुसा, गाडी अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर चालवा आणि पुन्हा बघा.

डिपस्टिक काढल्यावर ऑइलच दुधाळ दिसत असेल, त्याची पातळी आपोआप वाढली असेल आणि तिकडे कूलंट घटलं असेल, तर मात्र इंजिन सुरू करू नका. तसं ऑइल बेअरिंगवर थर धरत नाही.

६. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. तो नेहमीच धोक्याचा असतो का?

थंडीत सुरुवातीची काही मिनिटं येणारी पातळ वाफ अगदी नेहमीची. इंधन जळताना पाणी तयार होतंच, ते थंड पाइपात जमतं आणि तापल्यावर वाफ होऊन निघून जातं. इंजिन पूर्ण तापल्यावरही धूर थांबत नसेल, तो दाट असेल आणि त्याला गोडसर वास येत असेल, तर सिलिंडरमध्ये कूलंट जळतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल, काळा म्हणजे जास्तीचं इंधन. त्यांचा शोध वेगळ्या दिशेने घ्यावा लागतो.

७. खाली थेंबही पडत नाही, तरी महिन्याला कूलंट टाकावं लागतं. जातं कुठे?

गॅस्केटचा संशय घेण्याआधी साध्या जागा बघा. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाभोवती पांढरट किंवा रंगीत पापुद्रे, होजच्या क्लॅम्पपाशी ओल, पायाखालचा गालिचा ओलसर किंवा काच आतून चिकट-धुरकट (म्हणजे हीटरची जाळी गळतेय), रेडिएटरच्या कडेचे वाळलेले ओघळ. गरम इंजिनावर गळणारं कूलंट खाली पडण्याआधीच वाळून जातं, त्यामुळे जमीन कोरडी आहे यावरून काही सिद्ध होत नाही. हे सगळं नीट असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

८. हेड न उतरवता खात्री कशी करायची?

याचं उत्तर सविस्तर द्यावं लागेल, कारण नुसत्या अंदाजावर इंजिन खोलून घेणारे खूप जण भेटतात.

सर्वात सोपी ती निळ्या द्रवाची चाचणी. रेडिएटरच्या किंवा टाकीच्या तोंडावर द्रव भरलेली नळी बसवतात आणि इंजिन चालू ठेवून कूलंटच्या वरची हवा त्यातून ओढतात. हवेत ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रव निळ्याचा पिवळा होतो. डिझेलमध्ये हा बदल फिका, हिरवट दिसू शकतो. मात्र एक लक्षात घ्या: ही चाचणी फक्त वायू-कूलंट गळती पकडते. ऑइलची किंवा बाहेरची गळती तिला दिसत नाही. गळती फक्त चढावर, भाराखाली होत असेल तर उभ्या गाडीत द्रव निळाच राहू शकतो.

दुसरी, दाबाची चाचणी. थंड इंजिनात हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब भरून ठेवतात. काटा हळूहळू उतरला आणि बाहेर कुठेही ओल नसेल, तर प्लग काढून इंजिन फिरवतात. एखाद्या भोकातून फवारा आला की सिलिंडर सापडला. सगळे प्लग शेजारी मांडून बघणंही उपयोगाचं. तिन्हींवर तपकिरी थर आणि चौथा धुवून काढल्यासारखा स्वच्छ असेल, तर त्याच सिलिंडरमध्ये वाफ होतेय.

तिसरी, कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते मोजणं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी दाखवत असतील तर त्यांच्यामधली भिंत गेलेली असण्याची शक्यता दाट. एकच कमी असेल तर व्हॉल्व किंवा पिस्टनची रिंगही कारण असू शकते. तेव्हा सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून निघते ते ऐकतात. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडा, सायलेन्सरमध्ये फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग.

माझं मत असं की यातल्या दोन वेगळ्या चाचण्यांचं उत्तर एकच येईपर्यंत हेडला पाना लावू देऊ नये.

९. लक्षणं सगळी गॅस्केटची, पण दोष भलतीकडेच, असं होतं का?

होतं, आणि डिझेलमध्ये जरा जास्तच. ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर गार करणारा भाग) आतून फुटला की कूलंट इनटेकमधून थेट सिलिंडरमध्ये जातं: पांढरा धूर, घटणारं कूलंट, सगळं तसंच. ऑइल कूलर फुटला तर ऑइलच्या दाबाने कूलंटच्या टाकीत तपकिरी चिखल जमतो. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचा कूलर रेडिएटरमध्येच असेल तर गिअर ऑइल कूलंटमध्ये येऊ शकतं. हेडला किंवा ब्लॉकला बारीक तडा गेला असेल तर निळ्या द्रवाची चाचणीसुद्धा "गॅस्केट" असंच सांगेल. तो तडा हेड उतरवून दाबाखाली तपासल्यावरच कळतो.

१०. गॅस्केट थोडंसंच गेलंय. काही दिवस गाडी चालवली तर?

बाहेरच्या बाजूने ऑइलचा नुसता ओघळ असेल तर पातळीवर लक्ष ठेवून दुरुस्तीची तारीख ठरवता येते. बाकी प्रकारांत मी ठामपणे नको म्हणेन. सिलिंडरमध्ये रात्रभर कूलंट साठलं आणि सकाळी स्टार्टर मारला, तर पाणी दाबलं जात नाही. पिस्टन जागीच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन सिलिंडरांमधून सुटणारा वायू तिथला धातू कापत जातो. मग हेड फेस करून (यंत्रावर पृष्ठभाग घासून सपाट करून) भागत नाही. जळलेलं कूलंट ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही निकामी करतं.

११. चालवताना काटा एकदम लाल रेषेकडे गेला. त्या क्षणी काय करायचं?

एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात, आणि सुरक्षित जागा मिळताच गाडी बाजूला. हीटरमुळे थोडी उष्णता केबिनमध्ये ओढली जाते आणि थांबेपर्यंतचा अवधी मिळतो. थांबल्यावर इंजिन बंद करा आणि बॉनेट उघडा, पण वाफ येत असेल तर थोडा वेळ जाऊ द्या.

रेडिएटरचं किंवा टाकीचं झाकण गरम असताना उघडू नका. दाब सुटताक्षणी आतलं कूलंट उसळून अंगावर येतं आणि चेहरा-हात भाजतात. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतणंही तितकंच वाईट, त्याने हेडला तडा जाऊ शकतो. वरचा होज हाताला गार लागेपर्यंत थांबा, मगच पातळी बघून भरा. कारण कळलं नसेल तर गाडी टो करून न्या.

१२. काटा मधेच होता, तरी गॅस्केट गेलं. काटा खोटं बोलतो का?

बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम तसा जुळवलेला असतो. तापमान बऱ्याच अंशांनी वरखाली झालं तरी तो मधेच राहतो आणि हद्द ओलांडल्यावरच हलतो. काही गाड्यांत काटाच नसतो, नुसता दिवा. दुसरी अडचण याहून फसवी आहे. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच तो खरं तापमान सांगतो. कूलंट निघून गेलं आणि सेन्सर कोरड्या हवेत राहिला, तर इंजिन होरपळत असताना काटा खाली येऊ शकतो. म्हणून एकाएकी खाली आलेल्या काट्याकडेही, हीटरमधून अचानक येणाऱ्या थंड वाऱ्याकडेही तेवढंच लक्ष द्या.

१३. दुरुस्तीत नेमकं काय करतात? मी काय बघायला हवं?

गॅस्केट हा त्यातला सर्वात स्वस्त भाग. मॅनिफोल्ड, टायमिंग बेल्ट किंवा चेन, होज, वायरिंग सोडवून हेड उचलण्यातच सगळी मजुरी जाते. बोल्ट बाहेरून आत अशा क्रमाने, टप्प्याटप्प्याने आणि इंजिन पूर्ण थंड असतानाच सोडवायचे. नाहीतर हेड तिथेच वाकतं.

हेड निघालं की जुनं गॅस्केट मागून घ्या आणि उजेडात नीट बघा. सिलिंडरभोवतीच्या चकचकीत कड्यावर एखाद्या जागी काळी रेघ बाहेरच्या बाजूला पाण्याच्या भोकापर्यंत गेलेली दिसेल. तीच वायूची वाट. त्याच सिलिंडरच्या पिस्टनचा माथा बाकीच्यांसारखा काजळलेला नसेल, वाफेने धुतला जाऊन धातू दिसत असेल. एकाच जागी रेघ असेल तर त्या ठिकाणचा वाक किंवा खड्डा शोधा. सगळीकडे कडा चिरडलेल्या असतील तर नॉकिंगचा विचार करा. हा पत्रा भंगारात टाकण्याआधी एवढं वाचून घ्याच.

मग हेडवर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरपी ठेवून खाली फिलर गेज (फट मोजायच्या ठराविक जाडीच्या पातळ पट्ट्या) घालतात. बऱ्याच इंजिनांत मर्यादा ०.०५ ते ०.१ मिलिमीटर असते. नेमका आकडा त्या इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला धरायचा. ब्लॉकचा माथाही असाच तपासला पाहिजे. तो अनेकदा राहून जातो.

पृष्ठभाग साफ करताना फिरत्या खरखरीत चकत्या वापरू देऊ नका. त्या ॲल्युमिनियममध्ये खळगे पाडतात, आणि त्यांची भुकटी ऑइलमधून बेअरिंगपर्यंत पोचते. ब्लॉकमधली बोल्टची भोकं कोरडी हवीत. तळाशी ऑइल किंवा कूलंट राहिलं तर बोल्ट आवळताना त्याला जायला वाट नसते. टॉर्क (आवळण्याचा जोर) चुकीचा दिसतो, प्रसंगी ब्लॉकला तडा जातो.

१४. हेड फेस केलंच पाहिजे का?

मोजमाप मर्यादेत असेल आणि पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर नाही. वाक असेल तर हो, पण किती मिलिमीटर काढता येतात यालाही मर्यादा असते. जास्त काढलं की कॉम्प्रेशन वाढतं, आणि कॅमशाफ्ट हेडमध्ये असेल तर व्हॉल्व टायमिंगही किंचित सरकतं. काही डिझेल हेड फेस करायला उत्पादकच मनाई करतात. डिझेलमध्ये आणखी एक बाब आहे: एकाच इंजिनसाठी वेगवेगळ्या जाडीची गॅस्केट असतात, आणि कडेच्या खाचांवरून किंवा भोकांवरून ती ओळखतात. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून त्यातलं निवडायचं.

१५. जुने बोल्ट धुवून वापरले तर चालतात का?

आधुनिक इंजिनांत सहसा नाही. त्यांचे बोल्ट ठराविक टॉर्कपर्यंत आवळून नंतर ठराविक अंशांत फिरवतात. त्यात ते मुद्दाम किंचित कायमचे ताणले जातात. असा बोल्ट दुसऱ्यांदा तेवढी पकड देईलच असं नाही, आवळतानाच तुटूही शकतो. काही इंजिनांत लांबी मोजून, मर्यादेत असेल तर पुन्हा वापरायची मुभा असते. मॅन्युअल सांगेल ते. आवळायचा क्रम सोडवण्याच्या उलट: मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच.

१६. गॅस्केटला सीलंट लावलं तर जास्त पक्कं बसेल ना?

नाही. एमएलएस गॅस्केट कोरडंच बसवायचं असतं. टायमिंग कव्हर जिथे ब्लॉकला मिळतं अशा एखाद्या सांध्यावर मॅन्युअल थेंबभर लावायला सांगत असेल तर तेवढंच.

१७. रेडिएटरमध्ये ओतायचं लिक्विड मिळतं. त्याने काम होतं का?

त्यातली बरीच सोडियम सिलिकेटवर चालतात. गळतीच्या जागी उष्णतेने ते काचेसारखं घट्ट होतं. अगदी बारीक गळती काही काळ थांबतेही. पण तोच पदार्थ हीटरच्या आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्यांतही बसतो, आणि वाकलेलं हेड त्याने सरळ होत नाही. जी गाडी दुरुस्त करायचीच नाही, जेमतेम काही आठवडे ओढायची आहे, तिथे मी समजू शकतो. जी ठेवायची आहे तिच्यात ओतू नका.

१८. नवं गॅस्केट घातलं आणि काही महिन्यांत पुन्हा गेलं. असं का?

मूळ कारण तसंच राहिलं म्हणून (प्रश्न ३), किंवा ब्लॉक मोजलाच नाही म्हणून, किंवा तडा नजरेतून सुटला म्हणून. आणखी एक कारण फार आढळतं: कूलंट भरताना हवा काढली नाही. हवेचा फुगा हेडमध्ये अडकला की तेवढा भाग कोरडा तापतो. ब्लीड स्क्रू असेल तर तो उघडून, हीटर गरमवर ठेवून हळूहळू भरायचं, थर्मोस्टॅट उघडून फॅन फिरेपर्यंत इंजिन चालवायचं, गार झाल्यावर पुन्हा पातळी बघायची. पहिले काही दिवस रोज सकाळी बघा. आधी कूलंट ऑइलमध्ये मिसळलं असेल तर ऑइल आणि फिल्टर लगेच बदलून थोड्याच किलोमीटरांनंतर पुन्हा बदला. जुन्या संमिश्र गॅस्केटांत काही अंतरानंतर बोल्ट पुन्हा आवळायचे असत. एमएलएसला ते लागत नाही.

१९. गॅस्केट टिकावं म्हणून मी स्वतः काय करू शकतो?

महिन्यातून दोनदा, इंजिन थंड असताना, टाकीतली पातळी बघा. कमी झाली तर नुसतं भरून पुढे जाऊ नका, कुठे गेलं ते शोधा. साधं पाणी अडचणीपुरतंच. त्यातल्या क्षारांचे थर आत बसतात, म्हणून नंतर डिस्टिल्ड पाणी आणि योग्य कूलंट भरून घ्या. कूलंटचा रंग बघून निवड करू नका, रंगाला कुठलंही एक प्रमाण नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकार बघा. जुन्या पद्धतीची कूलंट साधारण दोन-तीन वर्षांत आणि सेंद्रिय आम्लांवर आधारित असलेली पाचेक वर्षांत बदलावी लागतात. कूलंट बदलताना झाकणही तपासून घ्या. आणि नॉकिंग ऐकू येत असेल तर ते अंगवळणी पडू देऊ नका.

२०. इलेक्ट्रिक, हायब्रिड आणि मोटारसायकल यांचं काय?

इलेक्ट्रिक गाडीत सिलिंडरच नाहीत, म्हणून हेड गॅस्केटही नाही. बॅटरीसाठी कूलंट असू शकतं. हायब्रिडमध्ये पूर्ण इंजिन असतं, तेव्हा वरचं सगळं लागू. हवेवर थंड होणाऱ्या मोटारसायकलला गॅस्केट असतं पण कूलंट नसतं. तिथे ऑइल पाझरणं आणि कॉम्प्रेशन कमी होणं हीच लक्षणं.

२१. वापरलेली गाडी घेतोय. गॅस्केट ठीक आहे हे कसं पारखू?

विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागला तर थंड सुरुवात बघायला दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिनात टाकीतलं कूलंट बघा. गंजकट पाणी, तरंगणारं ऑइल किंवा चकचकीत कण (बाटलीतल्या लिक्विडची खूण, प्रश्न १७) दिसले तर सावध व्हा. डिपस्टिक काढा. मग सुरू करून पहिले काही सेकंद मिसिंग ऐका आणि मागे धूर बघा. अर्धा तास चालवा, चढ असेल तर चढवा, आणि थांबल्यावर फॅन आपोआप फिरून बंद होतो का ते पाहा. हेड आधी उतरवलेलं असेल तर हेड आणि ब्लॉकचा सांधा आजूबाजूपेक्षा स्वच्छ किंवा नव्या सीलंटचा दिसतो. ते वाईट असेलच असं नाही. का उतरवलं होतं, फेस केलं का, बोल्ट नवे घातले का, हे विचारा आणि कामाची पावती मागा. तरीही शंका उरली तर पैसे देण्याआधी निळ्या द्रवाची चाचणी करून घ्या. तिला अर्धा तासही लागत नाही.